बाबांची सहावी चाल

“तुझ्या बाबांकडे जरा बघ गं. तिसऱ्यांदा शर्ट घेऊन आलेत, आणि तिन्ही वेळा डावीच बाही फाटलेली.”

शिलाईवाल्या काकूंनी हे सांगितलं तेव्हा त्यांच्या ओठांत टाचण्या होत्या आणि तिच्या कडेवर सात महिन्यांचं पिल्लू. काकूंचं दुकान बाबांच्या इमारतीच्या तळमजल्यावर होतं. जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकावर त्यांची नजर असे, आणि कपड्यांवर तर असेच असे.

“दाराच्या कडीला अडकली असेल, काकू,” ती म्हणाली.

“एकदा अडकेल, दोनदा अडकेल. कडी काय रोज वाट बघत बसते का त्यांची?”

“वेंधळेच आहेत ते पहिल्यापासून.”

“वेंधळा माणूस दोन्हीकडून वेंधळा असतो बाई,” काकू म्हणाल्या. पण तेवढ्यात पिल्लूने टाचण्यांच्या डबीकडे झेप घेतली, तिने त्याचा हात पकडला, आणि विषय तिथेच राहिला. बाहेर पडताना तिला काकूंचं बोलणं आठवलंसुद्धा नाही. आठवत होती ती डबी.

तिचं तसंच चाललं होतं तेव्हा. पिल्लू झोपलं की ती त्याच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजायची. दूध किती प्यालं, शी कुठल्या रंगाची झाली, उजव्या कुशीवर किती वेळ झोपलं, सगळं वहीत. नवरा म्हणायचा, “अगं, हे बाळ आहे की प्रयोगशाळा?” जगातली यच्चयावत काळजी तिने एकाच पाळण्यात घालून ठेवली होती. दुसऱ्या कुणासाठी शिल्लकच नव्हती.

काळजीखेरीज तिचं आणखी एक काम होतं. बुद्धिबळ खेळणाऱ्या एका प्रोग्रामसाठी ती सुरुवातीच्या चालींचं पुस्तक बांधत असे. पुस्तक म्हणजे कागदाचं नव्हे. प्रोग्राम पुढे कितीही हुशारीने खेळला तरी पहिल्या दहा-बारा चालींत त्याला विचार करत बसवणं म्हणजे वेळ फुकट घालवणं. त्याने तयार यादीत बघावं आणि खेळावं. समोरच्याने असं केलं तर तू हे कर, तसं केलं तर ते कर. एकेका ठिकाणी तीन-चार चाली, आणि प्रत्येक चालीला वजन. जास्त वजनाची चाल प्रोग्राम वरचेवर खेळणार, कमी वजनाची क्वचित, शून्य वजनाची कधीच नाही. हजारो डाव चाळायचे, भुसा पाखडून टाकायचा, उरेल त्याला वजन द्यायचं. कॉलेजात गणित शिकलेल्या मुलीला आणि दुपारी दीड तास झोपणाऱ्या बाळाच्या आईला यापेक्षा सोयीचं काम कुठलं?

प्रोग्राम लिहिला होता तिच्याच वर्गातल्या एका मित्राने. सहा फूट तीन इंच उंची आणि चालताना मान पुढे, म्हणून पहिल्या वर्षापासून त्याचं नाव उंट पडलं होतं, आणि त्यालाही ते मान्य होतं. महिन्यावर प्रोग्राम-प्रोग्रामांची स्पर्धा आली होती. गेल्या वर्षी त्यांचा प्रोग्राम खालून दुसरा आला होता.

आणि या पुस्तकाचे पहिले गुरू होते बाबा.

बाबा छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. चाळीस वर्षं उलटी अक्षरं सुलट्यासारखी वाचली. ओळीत एक खिळा पाव केसाने वर असला तरी त्यांच्या नजरेतून सुटत नसे. बुद्धिबळही तसेच खेळायचे, जुळवून जुळवून. आई गेल्यावर तिने त्यांना आपला जुना लॅपटॉप दिला, त्यात उंटाचा प्रोग्राम घातला, आणि त्यांचा नेम पडून गेला. रोज चार वाजता दोन डाव. पहिला पांढऱ्या मोहऱ्यांनी, दुसरा काळ्या. डाव संपला की आपोआप तिच्याकडे येई, आणि पुस्तकाच्या भरतीत जमा होई. बाबा तिला मुंगी म्हणायचे. “आमची मुंगी एकेक चाल डोक्यावर घेऊन वारुळात नेऊन ठेवते.”

बाबांच्या सुरुवाती ठरलेल्या. पांढरी मोहरी असली की वजिरापुढचं प्यादं दोन घरं, मग उंट बाहेर, मग बाकीचे. सहाव्या चालीच्या सुमाराला काळा वजीर येऊन डावीकडच्या दुसऱ्या पट्टीतल्या प्याद्यावर डोळा ठेवतो. त्याबरोबर बाबा ते प्यादं शांतपणे एक घर पुढे करायचे. शेकडो डावांत एकदाही चुकलं नव्हतं. “पाहुणा आला, दार लोटून घेतलं,” असं ते म्हणायचे.

मग एके दिवशी तिच्या लक्षात आलं की बाबा दार लोटत नाहीयेत. वजीर येतोय, प्यादं खातोय, आणि बाबा दुसरीकडेच खेळतायत. आठ-दहा डाव सलग.

तिला काळजी वाटली नाही. तिला आनंद झाला.

त्यालाही कारण होतं. वर्षापूर्वी बाबांनी असाच एक घोडा उघडा टाकला होता. ती फोनवर पोट धरून हसली होती, “बाबा, घोडा विसरलात!” बाबा म्हणाले, “तुझ्या यंत्राला विचार.” यंत्राने सगळी दुपार विचार केला आणि संध्याकाळी कबूल झालं, की घोडा खाणाऱ्याचं काही खरं नाही. तेव्हापासून बाबांनी काही फुकट दिलं की ती आधी सावध होई, मग वाकून बघे. आणि हे प्यादं तर जुनं प्रसिद्ध आमिष होतं. खायला गेलेला वजीर शत्रूच्या घरात एकटा सापडतो आणि कोंडला जातो. प्रोग्रामही ठाम नाही म्हणत नव्हता. तेव्हा बाबा काहीतरी नवं शिजवतायत अशी तिची खात्री झाली. तिने त्या चालीला चांगलं घसघशीत वजन दिलं आणि टिपणात लिहिलं, “बाबांची सहावी चाल.” फोन करून विचारलं मात्र नाही. पिल्लूला दात येत होते.

दोन आठवड्यांनी उंटाचा फोन आला.

“काय गं, तुझं पुस्तक प्यादी वाटत सुटलंय! दानधर्म काढलायस का?”

“कुठे?”

“पांढऱ्याची सहावी चाल. शंभर डाव लावले सरावाला. जिथे जिथे तुझी ती चाल आली तिथे आपला प्रोग्राम पुस्तकातून बाहेर पडतो, एक प्यादं कमी घेऊन, आणि मग बिचारा ‘मी कुठे आहे’ असं करत बसतो. कुणी शिकवली ही?”

“बाबांनी.”

उंट एकदम सांभाळून बोलायला लागला, कारण बाबांनी त्याला कॉलेजात असताना अकरा वेळा हरवलं होतं. “म्हणजे... काकांनी खेळली असेल तर काहीतरी असेलच. पण पुढे काय करायचं ते आपल्याला कळलेलं नाही. पुढच्या चाली दे की. वजीर कोंडायचा कसा ते त्यांनी दाखवलंच असेल ना?”

“बघते,” ती म्हणाली. “आत्ता झोपलंय. बघते.”

तिने डाव उघडले. बाबांची बाजू घ्यायला बसली होती ती. पहिल्या डावात काळा वजीर प्यादं खाऊन बसलाय, एका घोड्याच्या चालीने कोंडला गेला असता, आणि बाबांनी उजव्या कडेचं प्यादं पुढे केलंय. दुसऱ्या डावात तेच. तिसऱ्यात वजीर तिथे सहा चाली बसून राहिला. सहा चाली! बाबा एकदाही त्याच्याकडे गेले नाहीत. डाव्या कोपऱ्यातला हत्ती शेवटपर्यंत घरातून हलला नाही.

सापळा लावणारा माणूस निदान सापळ्याकडे बघायला येतो. इथे कुणी आलंच नव्हतं.

पहिला विचार आला तो विसरण्याचा. बाबा विसरायला लागले. मग तिने स्वतःला दटावलं, थांब, काळी मोहरी बघ. काळ्याने बाबांची चाल ठरलेली होती. पांढरा उंट येऊन त्यांच्या घोड्याला जखडायला लागला की कडेचं प्यादं एक घर पुढे करायचं आणि त्याला हुसकायचं. तीही गेली होती. पण उरलेला खेळ पूर्वीसारखाच होता. मधल्या चाली अचूक, उजवीकडचा हल्ला बाबांचाच, जुळवून जुळवून केलेला. विसरणारा माणूस असा अर्धाच कसा विसरेल?

पांढऱ्याने खेळताना चुका पटाच्या पहिल्या दोन पट्ट्यांत. काळ्याने खेळताना शेवटच्या दोनांत. तिने कागदावर तसं लिहिलं आणि त्याकडे बघत बसली. मग पडद्यावरचा पट फिरवला, काळ्याच्या बाजूने, बाबांना दिसतो तसा. शेवटच्या दोन पट्ट्या गर्रकन फिरून डाव्या हाताला येऊन थांबल्या.

वेंधळा माणूस दोन्हीकडून वेंधळा असतो बाई.

तिने पिल्लूला झोपेतूनच उचललं. आयुष्यात पहिल्यांदा.

बाबांनी दार उघडलं ते हसतच. “अरे! सरकार स्वतः आले! आणि मुंगी बिनफोनची?”

“सहज आले.”

“सहज येतेस होय तू? मागच्या वेळी सहज आलीस तेव्हा तीन पिशव्या आणि एक थर्मामीटर होता.” ते आत वळले आणि त्यांचा डावा खांदा चौकटीला लागला. त्यांनी चौकटीकडे बघितलं, जणू तीच मधे आली होती. “हे दार हल्ली आखडलंय,” ते म्हणाले.

टेबलावर लॅपटॉप होता, शेजारी बिस्किटांची बशी. उजवीकडची दोन संपलेली, डावीकडची दोन तशीच. बाबा म्हणाले, “थांब, सरकारांना बिस्किट देऊ. संपली वाटतं.”

तिने खुर्ची ओढली आणि मुद्दाम त्यांच्या डाव्या बाजूला बसली, अगदी खेटून. पिल्लूला मांडीवर घेतलं. पिल्लूने बाबांच्या कानापाशी हात हलवला, त्याच्या खास सलामीचा, पाची बोटं उघडून मिटून. या सलामीला बाबांनी सलाम ठोकला नाही असं कधी झालं नव्हतं. बाबा समोर भिंतीकडे बघत होते.

“कुठे गेलात गं दोघं?” ते म्हणाले.

“इथेच आहोत बाबा.”

आवाजाच्या दिशेने त्यांनी पूर्ण मान वळवली, आणि पिल्लूचा हात आपल्या नाकापासून वीतभरावर बघून दचकले. मग सलाम ठोकला. पण तिचा चेहरा बघून हात कपाळावरच राहिला.

“काय झालं, मुंगी?”

“तुम्ही ते प्यादं का देता? सहाव्या चालीला?”

“कुठलं प्यादं?”

तिने लॅपटॉप त्यांच्यासमोर ओढला, डाव लावला आणि वजिरावर बोट ठेवलं. बाबांनी पडद्याकडे बघितलं. मग तिच्या बोटाच्या मागोमाग हळूहळू मान डावीकडे नेली. बराच वेळ बघत राहिले. उलट्या ओळीत चूक शोधताना बघत तसे.

“हा इथे होता होय,” ते म्हणाले. “आणि मी म्हणतोय आपलं प्यादं जातं कुठे.”

“बाबा, तुम्हाला कळलं नाही? रोज हरत होतात. कुणाला बोलला का नाहीत?”

“हरत होतो ते कळत होतं की.” ते थोडे लाजले. “मला वाटलं, तुझं पुस्तक चांगलं झालं. मी काकूंना सांगितलं पण, माझी पोरगी आता मला उभं राहू देत नाही म्हणून. पेढे वाटायचेच राहिले होते.”

ती हसायला गेली आणि रडली. त्यांची चूक तिने हुशारी म्हणून वारुळात नेऊन ठेवली होती, आणि आपली हार त्यांनी तिची हुशारी म्हणून मिरवली होती. दोघांनी एकमेकांवर इतका विश्वास टाकला की बघायचं कुणी, ते राहूनच गेलं.

“आता रडतेस काय? तो बघ, तुझ्यामुळे तोही ओठ काढतोय,” बाबा म्हणाले, आणि पिल्लूला घ्यायला हात पुढे केले. डावा हात थोडा बाजूला गेला. तिने तो धरून जागेवर आणला.

इस्पितळात तरुण डॉक्टरीणबाईंनी आपलं बोट बाबांच्या चेहऱ्यासमोरून इकडून तिकडे नेलं, मग मेंदूचं चित्र काढून आणायला लावलं, आणि चित्र घेऊन बाहेर आल्या. डोळे ठीक होते. डोळ्यांमागे, मेंदूत जिथे डावीकडचं दिसणं पोचतं, तिथली एक बारीक रक्तवाहिनी बंद पडली होती. झटकाच, पण छोटा.

“रक्तदाबाची गोळी?” त्यांनी विचारलं.

बाबा छताकडे बघायला लागले.

“बाबा!”

“संपली होती. तू बाळंतपणातून नुकतीच उठलेली. म्हटलं, आणू सावकाश.”

“कधीपासून दिसत नाहीये?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “साधारण सांगितलंत तरी चालेल. बहुतेकांना सांगता येत नाही.”

“गेल्या महिन्याची अकरा तारीख,” ती म्हणाली. “दुपारी साडेचार ते सव्वापाचच्या मध्ये.”

डॉक्टरीणबाईंनी लेखणी खाली ठेवली.

तिने कागद काढले. अकरा तारखेचा पहिला डाव, चार वाजता, पांढरी मोहरी, सहाव्या चालीला प्यादं पुढे केलेलं, दार लोटलेलं. संपला साडेचारला. दुसरा डाव नेहमी लगेच सुरू होई. त्या दिवशी पाऊण तासाने झाला होता. काळी मोहरी, पांढरा उंट येऊन बसला, आणि त्याला कुणी हुसकलं नाही. त्या दिवसापासून एकदाही नाही.

“त्या पाऊण तासात काय झालं, आजोबा?”

बाबांनी आठवून बघितलं. “चहा टाकायला उठलो. गरगरलं. जरा आडवा झालो.” मग तिच्याकडे न बघता म्हणाले, “हिला फोन लावला होता. पण पिल्लूला ताप होता ना.”

होता. पहिलाच ताप. बाबांचा फोन तिने घेतला होता, आणि “बाबा, नंतर बोलते हं” म्हणून तीन सेकंदांत ठेवला होता. नंतर बोलायचं राहूनच गेलं होतं. त्या दिवशीच्या वहीत पिल्लूचा ताप दर अर्ध्या तासाला टिपलेला होता. साडेचार, पाच, साडेपाच.

डॉक्टरीणबाईंनी कागद परत दिले नाहीत, फायलीत लावले. “हा पहिला झटका म्हणजे इशारा असतो,” त्या म्हणाल्या. “गोळीशिवाय राहिले तर दुसरा असा हळू येऊन दार वाजवत नाही. आता औषधं सुरू करू. गेलेलं थोडंफार येईल, कदाचित नाही येणार. पण मान वळवायला शिकता येतं.”

“या वयात? चाळीस वर्षं छापखान्यात उलटी अक्षरं वाचल्यावर?” बाबा म्हणाले.

“चाळीस वर्षं उलटं वाचलंत ना? मग हे काय अवघड आहे?”

शिकतायत. शिलाईवाल्या काकूंनी लाल कापडाची एक लांब पट्टी शिवून दिली, ती लॅपटॉपच्या डाव्या कडेला चिकटवली आहे. चाल करण्याआधी मान वळवून लाल दिसेपर्यंत जायचं, मगच परत यायचं असा नियम आहे. तसलीच पट्टी दाराच्या चौकटीला, आणि शर्टाच्या डाव्या बाहीला बारीकशी. “आता फाटली तर मोफत शिवणार नाही,” असं काकूंनी बजावलंय. तिने त्या दिवशी काकूंचा हात धरून ठेवला. काकू म्हणाल्या, “राहू दे. टाचण्यांची डबी वर ठेवलीय हो आता.”

ती रोज साडेतीनला पिल्लूला घेऊन जाते. गोळी डोळ्यांसमोर घ्यायला लावते. कधी उजवीकडे बसते, कधी डावीकडे, न सांगता. पिल्लूला हा खेळ फार आवडतो. सलामी दिल्यावर आजोबांची मान वळेपर्यंत तो श्वास रोखून धरतो, आणि वळली की किंचाळतो. श्वास मोजायची तिची वही मात्र मागे पडली आहे. हरवलेली नाही, पण मागे पडली आहे.

परवाच्या डावात सहाव्या चालीला काळा वजीर आला. बाबांची मान लालपर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. चार मिनिटं. मग त्यांनी प्यादं एक घर पुढे केलं आणि म्हणाले, “पाहुण्यांना सांगा, घरी आहोत.”

त्यानंतर अठराव्या चालीला हरले. “हे मात्र तुझ्या पुस्तकामुळे,” ते म्हणाले, आणि खूष झाले.

उंटाला तिने सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “पुस्तकातून ती चाल काढून टाकतेस ना?” तिने काढली नाही. वजन शून्य केलं. प्रोग्राम ती कधी खेळणार नाही, पण ती तिथे राहील. पुस्तक स्पर्धेसाठी पाठवताना, आणि नंतर ज्याला हवं त्याने घ्यावं म्हणून खुलं करताना, सोबत एक टिपण जोडावं लागतं. कुठले डाव घेतले, वजनं कशी दिली, वगैरे. तिने ते सगळं नीट लिहिलं. मग पिल्लू उठायला अजून पाच मिनिटं आहेत असं बघून शेवटी हे लिहिलं:

“पांढऱ्याच्या सहाव्या चालीला एक शून्य वजनाची चाल दिसेल. ती चूक आहे, आणि ती मी चूक म्हणूनच ठेवली आहे. ती खेळणाऱ्याला समोरचा वजीर दिसत नव्हता, आणि मला ते पंचवीस दिवस कळलं नाही, कारण मी फक्त चाली बघत होते. तुम्हीही कुणाशी तरी रोज खेळत असाल, किंवा रोज फोनवर बोलत असाल, किंवा त्यांच्या हातचं खात असाल. त्यांची एखादी ठरलेली गोष्ट चुकायला लागली, तर त्यांनी काही नवं काढलंय असं आपणच ठरवू नका. हे वाचून झालं की पुस्तक बाजूला ठेवा आणि एकदा जाऊन बघा. त्यांच्या डाव्या बाजूला बसा, मग उजव्या. गोळ्या संपल्या आहेत का ते विचारू नका, डबी उघडून बघा. पुस्तक कुठे जात नाही. आधी जाऊन या.”